दहा महिन्यांची खोली आणि १२६ वस्तू

पत्र थोडक्यात

पत्र लिहिणाऱ्या बाई ३८ वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या, पेशाने लेखापाल. एका पुलाच्या कामावर त्यांना दहा महिन्यांसाठी पाठवलं जातंय. राहायला कामाच्या जागीच पत्र्याच्या बराकीतली खोली: तीन मीटर बाय तीन मीटर, एक खाट, एक टेबल, भिंतीला एक मांडणी. न्हाणीघर आणि संडास सामाईक, अंगण ओलांडून. जेवण मेसमध्ये. गाडीत त्यांच्या वाट्याला दोन बॅगा आणि एक खोकं, एवढीच जागा. निघायला तीन आठवडे उरलेत आणि सामानाची यादी १२६ वस्तूंवर पोचली आहे. थोरली बहीण म्हणते, ‘तिथे काही मिळायचं नाही, सगळं ने.’ ऑफिसातली मैत्रीण म्हणते, ‘एका बॅगेत दहा महिने काढता आले पाहिजेत.’ त्या विचारतात: काहीच विसरणार नाही अशी एक पक्की यादी मिळेल का? आणि शेवटी, जरा संकोचून: छोटं शिलाई मशीन न्यायचं मनात आहे, बहिणीला तो पोरकटपणा वाटतो. नेऊ का?

उत्तर

पत्रासोबत यादी जोडलीत हे फार बरं केलंत. मी ती दोनदा वाचली. तिच्यात मिक्सर आहे, इस्त्री आहे, पाहुण्यांसाठी चार कप आहेत, ‘कार्यक्रमाचे’ म्हणून तीन पोशाख आहेत आणि ‘असू दे’ अशी टीप जोडलेला हातोडाही आहे. उशी मात्र नाही. म्हणजे होती, पण तुम्ही तिच्यावर काट मारून शेजारी लिहिलंय: ‘तात्पुरतंच तर आहे, कशीही झोपेन.’

मला त्या उशीबद्दल बोलायचंय.

१२६ हा आकडा तसा मला खटकला नाही. सुया, दोरे, टाचण्या सुट्या मोजल्या तर कोणाचीही यादी तिथवर जाईल. खटकलं ते असं की तुमचं जवळजवळ सगळं वजन कधीतरी उगवणाऱ्या दिवसांसाठी राखून ठेवलंय. कोणी पाहुणे आले तर, समारंभ निघाला तर, खिळा ठोकायची वेळ आली तर. जो दिवस नक्की येणार आहे, रोज येणार आहे, त्याच्या वाट्याला उरलंसुरलं. दहा महिने म्हणजे तीनशे रात्री. त्या खाटेवर तुम्ही तीनशे वेळा झोपणार, ते अंगण दिवसातून चार-पाचदा ओलांडणार आणि कार्यक्रमाचा पोशाख घालणार बहुधा दोनदा. मग किलो कुठे खर्च करायचे?

‘तात्पुरतं’ या सबबीखाली माणूस स्वतःच्या झोपेला, पायांना, पाठीला वाट्टेल तसं वागवायला तयार होतो. आठवड्याचा प्रवास असेल तर खपून जातं. दहा महिन्यांत त्याच गोष्टी अंगावर येतात, आणि त्याही हिशेब जुळवायचं काम करताना. म्हणून उशी घ्याच, स्वतःची, सवयीची. खाटेवरच्या गादीवर आधी कोण झोपलं होतं ठाऊक नाही, तेव्हा तिला धुता येईल अशी पूर्ण खोळ, दोन चादरी, एक पांघरूण. डास असतील तर मच्छरदाणी. पत्र्याच्या दोन खोल्यांमध्ये आवाज अडवण्यासारखं फारसं काही नसतं, म्हणून कानात घालायचे मऊ बोळे आणि डोळ्यांवर बांधायची पट्टी. हे सगळं मिळून एक मध्यम बॅग भरेल. भरू दे.

आता तुमची बहीण आणि मैत्रीण. दोघींना तुमची काळजी आहे, पण दोघींपैकी कोणीही ती खोली पाहिलेली नाही. तुम्हीही नाही. यादी तुम्ही स्वतःच्या कपाटासमोर उभं राहून केलीत, आणि कपाटासमोर उभं राहिलं की प्रत्येक वस्तू ‘मला ने’ म्हणते. तेव्हा यादी बाजूला ठेवा आणि तिथे सध्या राहणाऱ्या एखाद्या माणसाचा फोन नंबर मिळवा. जमलं तर बाईचाच. कार्यालयातून ‘सगळी सोय आहे’ एवढंच कळेल. रोज तिथे अंघोळ करणारी व्यक्ती खरं सांगेल.

तिला विचारा: पाणी किती वाजता येतं, गरम पाण्याचं काय? न्हाणीघरात कपडे टांगायला खुंटी आहे का? रात्री अंगणात दिवा असतो का? खोलीत प्लग किती, त्यांवर काय चालतं आणि काय लावलं की वीज जाते? खिडकीला जाळी आहे का? खोलीला कुलूप आपलं लावायचं की तिथलं? कपडे कुठे वाळतात, पावसात किती दिवस लागतात? बाजाराच्या गावाला गाडी कधी जाते? आणि शेवटचा प्रश्न, तो विसरू नका: ‘तुम्ही काय आणलं जे कधी वापरलंच नाही?’ या एका उत्तराने तुमच्या यादीतल्या वीसेक ओळी गळतील असा माझा अंदाज आहे.

‘तिथे काही मिळायचं नाही’ हे ताईंचं म्हणणंही याच फोनवर तपासून घ्या. जिथे मेस चालते तिथे धान्य-भाजीची गाडी येते, आणि जी गाडी भाजी आणते ती साबणही आणू शकते.

विजेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तुमच्या यादीत त्यावर चालणाऱ्या सात वस्तू आहेत. २३० व्होल्टवर ६ अँपिअरच्या साध्या प्लगमधून जेमतेम १३८० वॅट घेता येतात. पाण्याची विजेची किटली बऱ्याचदा १५०० वॅटची असते, इस्त्री हजाराच्या आसपास, इंडक्शन शेगडी २००० पर्यंत जाते. बराकीत अनेक खोल्या एकाच लाइनवर असल्या तर तुमच्या किटलीने शेजारणीचा पंखा बंद पडेल, आणि नव्या जागी ओळख व्हायची ही रीत बरी नव्हे. वस्तूच्या बुडाशी वॅट लिहिलेले असतात. फोनवर विचारताना ते आकडे हाताशी ठेवा. एक्स्टेन्शन बोर्ड चांगल्या प्रतीचा, फ्यूज असलेला, एकच न्या. एका बोर्डात दुसरा बोर्ड खोचायचा नाही आणि तापणारी वस्तू त्यावर लावायची नाही. इस्त्रीबद्दल माझं मत कडक आहे: पुलाच्या कामावर चुरगळलेल्या सदऱ्याकडे कोणी बघत नाही. मिक्सरचा तर प्रश्नच येत नाही, जेवण मेसमध्ये आहे. एक ताट, एक वाटी, एक पेला, चमचा, झाकणाचा डबा आणि पाण्याची बाटली. पाहुणे आले तर मेसमधून कप आणा.

थंडीचे दिवस त्या दहा महिन्यांत येत असतील तर एक गोष्ट सांगून ठेवते. बंद खोलीत कोळसे पेटवून किंवा गॅसची शेगडी लावून ऊब घ्यायची नाही, कोणी कितीही ‘आम्ही नेहमी करतो’ म्हटलं तरी. त्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. पांघरूण जास्तीचं न्या, लोकरी मोजे न्या.

पत्र्याच्या खोलीचा स्वभाव वेगळा असतो हेही लक्षात घ्या. दुपारी ती तापते, आणि रात्री बाहेर गारठा पडला की आतल्या बाजूने पत्र्याला घाम सुटतो. म्हणून पुठ्ठ्याचं खोकं नको. ते खालून ओल धरतं, किड्यांना आवडतं आणि दोन महिन्यांत त्याचा लगदा होतो. त्याच मापाची झाकणाची प्लॅस्टिक पेटी घ्या. सामान भिंतीपासून चार बोटं दूर आणि जमिनीपासून थोडं वर ठेवा; खाली दोन विटा चालतील, पुलाच्या कामावर विटेचा तुकडा मिळेलच. औषधं मांडणीच्या सर्वांत वरच्या फळीवर नकोत, तिथेच उष्मा सर्वाधिक. बहुतेक गोळ्यांच्या पाकिटावर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं आणि पत्र्याखाली दुपारी पारा त्याच्या वर जाऊ शकतो. खालच्या फळीवर, भिंतीपासून सुटी, घट्ट झाकणाच्या डब्यात.

कपड्यांचा हिशेब तुम्ही ‘ऋतूनुसार’ केलाय, म्हणून ते २२ जोड झालेत. तुम्ही हिशेबाच्या माणूस, तेव्हा एक सोपी बेरीज देते: दोन धुण्यांमधले दिवस, अधिक वाळायला लागणारे दिवस, अधिक एक. चार दिवसांनी धुणार आणि ओल्या हवेत वाळायला दोन दिवस लागणार, तर सात जोड. आतले कपडे आणि मोजे याच्या दीडपट. थंडीचं एक, पावसाचं एक, आणि एक जोड चांगला, कोणी बोलावलंच तर. तीनाचा एक झाला म्हणून कार्यक्रम रद्द होत नाहीत. बूट मात्र दोन जोड, आलटूनपालटून घालायला. ओला बूट एका रात्रीत वाळत नाही.

सामाईक न्हाणीघरासाठी वेगळा विचार करावा लागतो आणि तुमच्या यादीत तो जवळजवळ नाहीच. तळ न घसरणाऱ्या रबरी चपला. खुंटीला टांगता येईल अशी पिशवी, जिच्यात साबण, ब्रश, तेल, कंगवा सगळं एकत्र राहील, म्हणजे अर्ध्या अंगणातून परत यावं लागणार नाही. पटकन वाळणारे दोन पंचे. अंगण ओलांडताना अंगावर टाकायला सैल, पूर्ण बाह्यांचा झगा. आणि कपाळाला बांधायची बॅटरी, हातात धरायची नको: रात्री एका हातात बादली, दुसऱ्या हातात कडी असते. मासिक पाळीसाठी जे आत्ता वापरता तेच न्या. कप वापरून बघायचा विचार असेल तर तो प्रयोग निघण्याआधी घरी करा. जिथे पाण्याची वेळ ठरलेली असते तिथे नवी सवय लावणं जिकिरीचं जातं.

झाकणाची एक बादलीही घ्या, आणि ती रिकामी नेऊ नका. मोजे, साबण, दोरी, चिमटे तिच्यातच भरा. पाणी साठवायला दहा ते वीस लिटरचा झाकणाचा कॅन मात्र तिथेच घ्या, तो नेणं म्हणजे गाडीतून हवा वाहून नेणं. संकटात सापडलेल्या लोकांसाठी ‘स्फिअर’ नावाची आंतरराष्ट्रीय मानकं आहेत. त्यांत पिण्यापासून धुण्यापर्यंत माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी आणि राहायला माणशी साडेतीन चौरस मीटर जागा धरली आहे. हे आकडे मी तुम्हाला घाबरवायला देत नाहीये. तुमची खोली नऊ चौरस मीटरची आहे, म्हणजे त्या किमान रेषेच्या अडीचपट. जागा पुरेशी आहे. ती खोक्यांना द्यायची की पाय मोकळे करायला ठेवायची, एवढंच तुम्हाला ठरवायचंय. पाण्याबद्दल खात्री नसेल तर पिण्याचं उकळून घ्या: खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट, आणि जागा समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर असेल तर तीन मिनिटं.

आता विसरण्याची भीती. तुम्हाला ‘काहीच विसरणार नाही’ अशी यादी हवी आहे. ती मी देणार नाही, कारण त्याच हट्टापायी यादी १२६ वर गेली. कंगवा विसरला तर दोन दिवस कोणाचा तरी वापराल. ज्यांच्यावाचून खरंच अडतं अशा गोष्टी एका हाताच्या पिशवीत मावतात: मूळ कागदपत्रं पाणी न शिरणाऱ्या पाकिटात, त्यांच्या प्रती फोनमध्ये आणि एक संच ताईंकडे, रोजची औषधं दोन महिन्यांची, मूळ पाकिटातच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, चष्मा, दुसरा चष्मा आणि नंबरचा कागद, फोन, चार्जर, पैसे. ही पिशवी गाडीच्या टपावर नाही, मांडीवर. बाकी सगळं विसरलं तरी चालतं. हे वाक्य तुम्हाला पटायला वेळ लागेल, लागू दे.

दुसरी पिशवी पहिल्या रात्रीची. पोचायला उशीर होतो, खोली धुळीने भरलेली असते, दिवा असतोच असं नाही आणि तेव्हा पेटी उपसायची ताकद नसते. एक चादर, बॅटरी, स्वतःचं कुलूप दोन किल्ल्यांसह, पंचा, चपला, फडकं, पाणी, कोरडा खाऊ, सकाळचे कपडे. ही सगळ्यांत शेवटी भरायची म्हणजे सगळ्यांत आधी हाताला लागते.

ताईंचं काय करायचं? त्यांना दुसऱ्या खेपेची जबाबदारी द्या. ज्या वस्तूंबद्दल मन डळमळतंय त्या वेगळ्या पेटीत भरा, आत काय आहे त्याचा कागद झाकणाला चिकटवा आणि पेटी त्यांच्याकडे ठेवा. तीन आठवडे राहिलात की काय लागतं ते कळेल, तेवढं मागवा. ‘सगळं ने’ म्हणणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा आपण इथे राहून काहीच करू शकत नाही, हे सलत असतं. त्यांच्या हातात काम आलं की यादी आपोआप आखडेल. मैत्रिणीला सांगा, एका बॅगेत राहायची पैज तुम्ही लावलेली नाही.

आणि शिलाई मशीन. १९१५ साली अंटार्क्टिकाच्या समुद्रात ब्रिटिश शोधमोहिमेचा नेता अर्नेस्ट शॅकल्टन याचं ‘एन्ड्युरन्स’ जहाज बर्फाने चिरडलं. जहाज सोडून बर्फावर तंबूत राहायची पाळी आली तेव्हा शॅकल्टनने प्रत्येकाच्या खासगी सामानावर दोन पौंडांची मर्यादा घातली, म्हणजे किलोही पुरता नाही. पण मोहिमेतला हवामानतज्ज्ञ लेनर्ड हसी याचा बँजो, म्हणजे एक तंतुवाद्य, त्या मर्यादेच्या कितीतरी पट जड, शॅकल्टनने स्वतः आग्रहाने बरोबर घ्यायला लावला. माणसांचं मन टिकवायला तो लागेल असं त्याचं म्हणणं होतं, आणि पुढे एलिफंट बेटावर अडकून पडलेल्या लोकांमध्ये तो वाजतही होता. तुमच्यावर तसला प्रसंग येऊ नये. मला इतकंच म्हणायचंय की वजनाच्या बाबतीत इतका काटेकोर माणूसही एक जड वस्तू न्यायला तयार झाला, ती तशी का न्यायची हे त्याला नक्की ठाऊक होतं म्हणून.

तुम्हाला ठाऊक आहे का? पत्रात तुम्ही लिहिता की ऑफिसातून आल्यावर रोज तासभर मशीनवर बसता. रोज, हा शब्द तुमचाच. मग ते उशीच्याच रांगेत बसतं. ‘कधीतरी शिकेन’ म्हणून यादीत घातलेले विणकामाचे सुयांचे तीन संच बसत नाहीत, ते घरी ठेवा. घरगुती छोटं मशीन पाच-सहा किलोंचं असतं, वीज शंभरेक वॅट खातं, किटलीपुढे काहीच नाही. मिक्सर आणि इस्त्री काढली की जागाही झाली. बराकीत आवाज शेजारी जाईल, म्हणून पायाखाली जाड घडी आणि मशीनची वेळ रात्री नऊच्या आत. जास्तीच्या सुया, एक पट्टा आणि बॉबिन सोबत न्या, हे गावात चटकन मिळणार नाहीत. कापडाचे तागे नेऊ नका. पंधरा दिवसांत बराकीतल्या निम्म्या तुटक्या चेनी तुमच्या दारात येतील, तेव्हा कोणत्या वारी घ्यायच्या ते आधीच ठरवून सांगा.

अशाच तयारीत असलेल्या इतरांसाठी दोन शब्द. घराची दुरुस्ती चालू आहे म्हणून कुटुंबच दोन खोल्यांत जात असेल, तर यादी माणसागणिक करा, घराची एक नको. नाहीतर सगळ्यांची भांडी जातात आणि आजोबांची काठी राहते. वयस्क माणसासाठी खाटेपासून संडासापर्यंतची रात्रीची वाट आधी चालून बघा, मग सामान लावा. मुलांना प्रत्येकी एक पेटी द्या आणि तिच्यात काय जाईल ते त्यांनाच ठरवू द्या, झाकण लागलं पाहिजे एवढीच अट. घरात कोणी इन्सुलिन घेत असेल तर न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत लागतं. वापरातलं, बहुतेक प्रकारांत, ३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकतं. पण पत्र्याखाली ते ३० अंश गृहीत धरू नका. फ्रीज कुठे मिळेल हे जागा पक्की करतानाच विचारा.

तुमच्याकडे तीन आठवडे आहेत, ते पुरेसे आहेत. फोन या आठवड्यात करा. पुढच्या शनिवारी सामान भरा आणि मग शनिवार-रविवार घरातल्या एकाच खोलीत, फक्त त्या सामानावर राहा. कपाट उघडायचं नाही. ज्या वस्तूसाठी उठून दुसऱ्या खोलीत जावं लागलं तिचं नाव दारामागे कागदावर एका रकान्यात लिहा, आणि दोन दिवसांत जिला हातही लागला नाही तिचं दुसऱ्या रकान्यात. सोमवारी पहिल्या रकान्यातलं आत, दुसऱ्यातलं ताईंच्या पेटीत. पावसाचं जाकीट आणि तापाची गोळी तेवढी या नियमातून वगळा.